कितव्या गल्लीचा पडदा मोठा?

कळलं का तुम्हाला? नाही? मग राजारामपुरीत राहता तरी कशाला! अहो, मुख्य रस्त्याजवळच्या एका शाळेनं पंच्याहत्तर इंची पडदा बसवला. बोटानं लिहायचं, बोटानं पुसायचं, चिमटीत धरून बेडूक मोठा करायचा, त्याचं काळीज उघडून बघायचं आणि परत मिटवायचं. खडू नाही, डस्टर नाही, बाईंच्या पदरावर धूळ नाही. बातमी सकाळी दुधाच्या पिशवीबरोबर आली आणि दुपारपर्यंत चौदाव्या गल्लीत पोचलीसुद्धा. संध्याकाळी जनता बाजारच्या चौकात दोन पालक भेटले तर पहिला प्रश्न काय? 'पोरगं कसं आहे' हा? छे! 'तुमच्यात किती इंची?'

काय हे! कुठं चाललंय कोल्हापूर? ज्या गावानं आजवर मापं काढली ती तालमीतल्या पैलवानाच्या छातीची, ते गाव आता शाळेच्या भिंतीला टेप लावून उभं?

आपल्याला सवय आहे म्हणा. गणेश चतुर्थीला राजारामपुरीत मंडळांच्या आगमन मिरवणुका निघतात, तेव्हा कुणाच्या डॉल्बीचा बेस काळजापर्यंत गेला आणि कुणाचा नुसता कानापर्यंत, यावर पुढची चतुर्थी येईपर्यंत चर्चा पुरते. शाळांचं आता तसंच झालंय. एकीनं पडदा लावला की दुसरीला लावावाच लागतो, तिसरीला त्याहून मोठा लागतो, आणि चौथी जाहिरात देते की आमच्यात रोबो आहे. रोबो काय करतो? हात हलवतो. मग? मग परत हात हलवतो. प्रवेश फुल्ल! विषय हार्ड!

उद्घाटन तर चुकवू नये असं. पडद्याला झेंडूचा हार, खाली पाट, पाटावर नारळ आणि यूपीएसला हळदीकुंकू. पाहुण्यांनी बोटानं पडद्यावर 'श्री' काढला, टाळ्या पडल्या, आणि तो पुसायचा कसा हे कुणालाच ठाऊक नसल्यानं पुढची सगळी भाषणं त्या 'श्री'च्या साक्षीनं झाली. आठवड्यानं जाऊन बघा. रिमोट मुख्याध्यापकांच्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपाईमामांकडं आणि मामा लग्नाला गडहिंग्लजला. पडद्यावरची पातळ प्लास्टिकची फिल्म अजून काढलेली नाही, काढली तर ओरखडे पडतील ना! शिवाय मापानं शिवून घेतलेलं मखमली कव्हर, खाली सोनेरी झालर. चौथीच्या बाई रोज ती झालर हलक्या हातानं बाजूला सारतात आणि शेजारच्या जुन्या फळ्यावर भागाकार शिकवतात.

त्यावर शिकवायचं काय? कुठल्या इयत्तेला? आठवड्यातल्या कुठल्या तासाला? शिकवणाऱ्याला कुणी शिकवलंय? लाईट गेली तर? बिघडला तर दुरुस्तीचा खर्च कुणी काढून ठेवलाय? असले नतद्रष्ट प्रश्न विचारणाऱ्याला उद्घाटनाला बोलावतात होय! आधी पडदा, नियोजनाचं नंतर बघू. वरातीमागून घोडं आपल्याकडं चालतंच, पण इथं नवरानवरी घरी पोचून त्यांची पोरं शाळेत जायला लागली तरी घोडं तबेल्यातच.

आणि हे खूळ काही आजचं आहे का? १९१३ साली थॉमस एडिसनसाहेबांनी सांगून टाकलं होतं की सिनेमा आलाय, आता शाळेतली पुस्तकं लवकरच हद्दपार होणार. शंभरावर वर्षं झाली. दप्तराचं ओझं तुम्हीच रोज तिसऱ्या मजल्यावर चढवता, तेव्हा साहेबांच्या भविष्याचं काय झालं हे तुमच्या खांद्याला विचारा. आपल्याकडं १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी निघाली, दूरदर्शनवरून मुलांना शिकवायला. चांगलं काम झालं, एका पिढीनं डोळे विस्फारून बघितलं, आणि २०१७ साली दार बंद. २००४ साली तर खास शिक्षणासाठी एज्युसॅट नावाचा उपग्रहच आकाशात सोडला. म्हणजे बघा, गुरुजी जमिनीवर पुरेनात म्हणून ते अंतराळात पाठवले.

त्याहून झकास गोष्ट रायगड जिल्ह्यातली. कर्जत तालुक्यात खैराट नावाची छोटी वस्ती आहे. २००७ साली शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा जगभर जो गाजावाजा चालला होता, त्याचा भारतातला पहिला प्रयोग तिथल्या शाळेत झाला. हिरवे-पांढरे, कान उभारलेले चिमुकले लॅपटॉप वाडीतल्या पोरांच्या मांडीवर. अमेरिकेतल्या मोठ्या विद्यापीठातली कल्पना थेट सह्याद्रीच्या पायथ्याशी! पुढं त्या लॅपटॉपची किंमत काही शंभर डॉलरवर थांबली नाही आणि प्रत्येक पोराला लॅपटॉप हे स्वप्नही देशभर गेलं नाही. पण कल्पना करा, ते खैराटऐवजी राजारामपुरीत आले असते तर? दुसऱ्या दिवशी सहाव्या गल्लीत त्याचं कव्हर मिळालं असतं, तिसऱ्या दिवशी स्क्रीनगार्ड.

माध्यमिक शाळांतल्या संगणक लॅबची कथा तर घरोघरी. सरकारी योजनेतून दहा-दहा संगणक आले. कंपनीनं पाच वर्षं चालवायचे आणि मग शाळेच्या हवाली करायचे असा करार. पाच वर्षं लॅबमध्ये चपला काढून जायचं, देवघरात जावं तसं. करार संपला, संगणक शिक्षक घरी, लॅबला कुलूप. योजना आखताना सहाव्या वर्षाचा रकाना ठेवायला विसरले की मुद्दाम गाळला, हे विचारू नका. आजही त्या खोल्यांत जुने मॉनिटर रांगेनं बसलेत. तोंडावर कापड, वर्गातली सगळ्यात शिस्तीची मुलं.

मग आली २०१५ नंतरची लाट. शासनानं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' काढलं. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याच्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल वर्ग उभा केला होताच, तो बघायला राज्यभरातून बघ्यांची रीघ लागली. परतताना प्रत्येकाच्या डोक्यात एकच वाक्य, आपल्यातबी पायजे! लोकवर्गणी सुरू. गावोगावी कुणी प्रोजेक्टर दिला, कुणी एलईडी टीव्ही दिला, कुणी रंग दिला आणि भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून घेतलं की आत टीव्ही चालतो का हे बघायला कुणी गेलंच नाही. जात तरी कोण? वीजबिल थकलं की मीटर तोडायला मात्र माणूस वेळेवर जात होता.

त्याच काळातला सेल्फीचा फतवा आठवतोय ना? आठवत नसेल तर हात जोडा, कारण आपल्या करमणुकीसाठी शासनानं याहून गोड निर्णय क्वचितच घेतला असेल. नोव्हेंबर २०१६ मध्ये आदेश निघाला, की शिक्षकांनी सोमवारी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्याबरोबर सेल्फी काढायचा आणि सरकारच्या 'सरल' या ऑनलाईन प्रणालीवर चढवायचा. हेतू चांगला, गळणारी मुलं कळावीत. पण दृश्य? पन्नास पोरं, पाच फोटो, प्रत्येक फोटोत एकजण डोळे मिटलेला आणि मागं एकजण दोन बोटांची शिंगं लावणारा. गुरुजींनी हजेरी घ्यायची की हात लांब करून कोन साधायचा? शिक्षक संघटना खवळल्या, गाडी थांबली. पण आपण काय केलं? वरवर हळहळलो आणि आतून म्हणालो, आमच्या बबड्याचा फोटो सरकारकडं गेला असता की राव!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही नाही बुवा त्यातले. आम्ही साधी माणसं. आम्हाला काय त्या पडद्याचं! बरं. मग २०२० साली काय झालं ते सांगा. मार्चमध्ये शाळा बंद. जूनमध्ये शासनाची घोषणा, शाळा बंद पण शिक्षण सुरू. त्याआधी मोबाईलला 'पोरांचं वाटोळं करणारी पेटी' म्हणणारे समस्त आजोबा त्या आठवड्यात कुठं होते? मोबाईलच्या दुकानाबाहेर, मास्क हनुवटीवर घेऊन, 'जास्त जीबीचा दाखवा' म्हणत! घराघरात वर्ग भरले. बैठकीत दुसरी, स्वयंपाकघरात सातवी, गॅलरीत दहावी. 'बाई, तुमचा आवाज येत नाही' हे वाक्य पोरांनी जितक्या वेळा म्हटलं, तितके पाढे म्हटले असते तर सगळ्यांचे तिसाचे पाढे पक्के झाले असते. ज्यांच्याकडं चांगला फोन नव्हता त्यांच्यासाठी जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' लागायची. पहिली ते आठवीसाठी, इंटरनेट नको, ओटीपी नको, घरातल्या जुन्या टीव्हीवर. त्या सगळ्या गदारोळातली सगळ्यात शहाणी गोष्ट तीच असावी, म्हणूनच तिच्याबद्दल कुणी स्टेटस ठेवला नाही.

शाळा उघडल्या. पेटी परत गेली का? नाव काढू नका. वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप हा आता आपला चौकातला कट्टा झालाय. रात्री साडेनऊला मेसेज येतो, 'उद्या थर्माकोल, तीन रंगांचे घोटीव कागद आणि एक स्प्रिंग आणणे.' स्प्रिंग! रात्री साडेनऊला! आपण चडफडतो, स्कूटर काढतो आणि दुकानासमोर आपल्याच वर्गातले सगळे पालक भेटतात. तिथंच मग ठरतं की शाळेनं तंत्रज्ञानाचा असा अतिरेक करू नये. तेही ग्रुपवर टाकलं जातं. वर अंगठे येतात बत्तीस.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता? बाई गं! २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आपल्या घरातले निबंध एकाएकी देखणे झाले. पाचवीला निबंध दिला, 'माझी आई'. कुणी लिहिला? आईच्या फोननं. आई कुठं होती? शेजारच्या खोलीत, भाकरी थापत. निबंधातली आई 'पहाटे उठून अंगणात सडासंमार्जन करते' आणि 'तिच्या मायेच्या सावलीत माझं बालपण बहरत आहे'. राजारामपुरीत अंगण? चौथ्या मजल्यावर? खरी आई सकाळी सातच्या बसनं एमआयडीसीत जाते, आणि संध्याकाळी आल्यावर पोराला विचारते, 'डबा खाल्लास का रं?' हे त्या निबंधात एका ओळीनंही आलं नाही. बाईंना निम्म्या वर्गाची आई पहाटे सडा घालताना सापडली. बाईंनी सगळ्यांना शेरा दिला, 'छान'. तो शेराही कुणीतरी सुचवलेला नसेल कशावरून?

ज्यांनी हे सगळं बघून कपाळाला हात लावला, ते आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर तर परवाच पकडले गेले. तीस वर्षं खडू झिजवला, 'यंत्रानं अक्कल येत नसते' हे ज्यांचं ब्रीद, ते नातवाच्या पर्यावरण दिनाच्या भाषणासाठी यंत्राला विचारत होते. तेही 'कृपया' आणि 'आपण' लावून! यंत्रानं भाषण दिलं. मास्तरांनी लाल पेनानं त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका काढल्या आणि त्याला परत पाठवलं. म्हटलं, मास्तर, तुमच्यामुळं यंत्र तरी सुधारेल.

याच राजारामपुरीत कादंबरीकार वि. स. खांडेकर राहत होते, हे या गडबडीत कुणाला आठवतं? त्यांनी १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या शाळेत मास्तरकी केली. तिथं पडदा असलाच तर स्नेहसंमेलनाच्या नाटकाचा.

जग तरी शहाणं आहे का? मुळीच नाही, हाच तर दिलासा. दक्षिण कोरियानं २०२५ च्या मार्चमध्ये मोठ्या थाटात कृत्रिम बुद्धिमत्तेची पाठ्यपुस्तकं वर्गात आणली. ऑगस्टमध्ये कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तक हा दर्जाच काढून घेतला. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, इथं सहा महिनेही भरले नाहीत. स्वीडननं पडदे बाजूला सारून पुन्हा छापील पुस्तकांवर पैसा घातला. युनेस्कोनं २०२३ च्या अहवालात सगळ्या जगालाच विचारलं की हे तंत्रज्ञान चाललंय ते नक्की कुणाच्या अटींवर? आपल्याकडं ग्रामीण भागाच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या मुलांतली ८२ टक्के मुलं स्मार्टफोन वापरू शकतात असं निघालं. त्यातल्या ५७ टक्क्यांनी तो आदल्या आठवड्यात अभ्यासाच्या कशासाठी तरी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. हे वाचून आपण 'काय ही पिढी' म्हणालो आणि ती बातमी ताबडतोब तीन ग्रुपवर पुढं ढकलली.

शेजारच्या सांगली जिल्ह्यानं मात्र कमाल केली. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांच्या वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून संध्याकाळी सातला देवळावरून भोंगा वाजतो. भोंगा झाला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला, मोठी माणसं वाचायला किंवा एकमेकांशी बोलायला. साडेआठला परत भोंगा, मग काय घालायचा तो गोंधळ घाला. किती साधी गोष्ट! यंत्र तेच, पण ते कधी वाजणार, किती वेळासाठी आणि कुणी काय करायचं, हे सगळं आधी ठरलेलं. गावानं एकत्र बसून ठरवलेलं. राजारामपुरीत असा भोंगा लावला तर? पहिल्या दिवशी अर्धी गल्ली बाहेर येऊन त्याचा व्हिडीओ काढेल. दुसऱ्या दिवशी शेजारची गल्ली म्हणेल, आमचा भोंगा मोठा पायजे.

हसताय? हसा. पण ठरवून केलेल्याची गोष्ट निघालीच आहे, तर परितेवाडीची सांगितलीच पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातलं माढा तालुक्यातलं हे गाव. तिथल्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडले. कुठल्या धड्याला काय जोडायचं, हे आधी, कोड नंतर. पुढं बालभारतीच्या पुस्तकांत ते कोड आले. डिसले गुरुजींना २०२० च्या डिसेंबरात जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटून टाकली. आपल्या गल्लीनं त्या कोडचं काय केलं? पैसे भरायचं ॲप उघडून धडा स्कॅन केला. ॲप म्हणालं, हा कोड चुकीचा आहे. साहजिक आहे, भेळेच्या गाड्याखेरीज दुसरीकडं कोड असतो हे आपल्याला कुणी सांगितलंय? पोरगी शेजारी उभी राहून बघत होती. तिनं फोन हातातून घेतला, बरोबर ठिकाणी उघडला आणि धड्यातला ज्वालामुखी धडाधड फुटला. आपण 'हं, कळलं कळलं' म्हणून फोन परत घेतला.

आणखी एक मजा बघा. आपल्या कोल्हापूर महापालिकेच्या जरग विद्यामंदिरात प्रवेश मिळावा म्हणून पाडव्याच्या आदल्या रात्रीपासून पालक रांग लावतात. मराठी माध्यम, महापालिकेची शाळा, शिष्यवृत्तीच्या निकालांसाठी नाव काढलेली. रात्रभर फुटपाथवर बसलेल्या त्या रांगेत 'पडदा किती इंची' असं कुणी विचारत नाही. तिथं विचारतात, पहिलीला बाई कोण आहेत? आता बोला!

या गावाला ठरवून करण्याची अक्कल कुणी शिकवायला नको. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर आईबापाला महिन्याला एक रुपया दंड. कुणी शिकायचं, कुणी पाठवायचं आणि न पाठवल्यास काय होईल, हे सगळं कागदावर आधी. तोच नियम आज पडद्याला लावला तर? महिनाभर झाकून ठेवलेल्या पडद्याला दंड एक रुपया. मखमली झालरीसाठी जादा चार आणे. महापालिकेचं उत्पन्न नक्की वाढेल.

पण थांबा, दुसऱ्याकडं बोट दाखवून झालं असेल तर आपल्याकडंही बघूया. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानं विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या, तर बाकीच्यांत शाळा व्यवस्थापन समिती हवी असं सांगितलंय. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला. शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा त्याच समितीनं करायचा. पडदा घ्यायचा का, कुठल्या वर्गासाठी, कुठल्या विषयाला, बाईंचं प्रशिक्षण कधी, वीजबिल कशातून आणि बिघडल्यावर कुणी बघायचं, हे सगळं लिहायची जागा तो आराखडाच. म्हणजे नियोजन न करणारे ते बेजबाबदार लोक कोण? तुम्ही, आम्ही आणि चौदाव्या गल्लीतल्या त्या वहिनी, ज्या बैठकीला येऊन सही करतात आणि चहा झाला की जातात.

तेव्हा पुढच्या सभेचा निरोप ग्रुपवर आला की नुसता अंगठा दाखवू नका. जा, आणि आराखड्याची प्रत मागा. पोर विनाअनुदानित शाळेत असेल तर फी भरतानाच हे सगळे प्रश्न विचारा. आणि कागद हातात आला की त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या आधी, कृपा करून, एकदा वाचा.